लायनर टाकायचा की नाही

अविनाश वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तसा समज व्हायचा. मोताळ्याकडून बुलढाण्याला निघालं की राजूर घाट चढायच्या आधी रस्त्याला लागून जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात त्याचं घर. शेती भाजीपाल्याची. वांगी, टोमॅटो, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायचा आणि पहाटे पिकअपमध्ये घालून मलकापूरच्या बाजारात न्यायचा, हा त्याचा रोजचा धंदा. तरुणपणी त्याने मलकापूरच्याच एका गॅरेजात काही वर्षं हात काळे केले होते, त्यामुळे गावात कुणाचं इंजिन खोकायला लागलं की बोलावणं अविनाशला यायचं. हातात गुण होता. खोट एकच होती. त्याला स्वतःहून काही ठरवता येत नसे.

म्हणजे किती, तर घराच्या समोरच्या खोलीची एक भिंत पिवळी आहे आणि बाकीच्या तीन अजून पांढऱ्याच आहेत, कारण पिवळा लावून झाल्यावर त्याला वाटलं की निळा बरा दिसेल का. मुलगी बघायला चिखलीला गेला तेव्हाही तसंच. मंडळींनी विचारलं, पसंत आहे का? हा आपला बापाच्या तोंडाकडे बघत बसला. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, चहा झाला, तरी उत्तर नाही. शेवटी आतून छायानेच निरोप पाठवला, की मले पसंत हाये, त्याईले विचारत बसू नका. असं ते लग्न ठरलं आणि चांगलं निभावलंही.

तर अशा माणसाने आपल्या बायकोच्या गाडीचं इंजिन खाली उतरवलं आणि कांदाचाळीत एका बाजेवर नेऊन ठेवलं.

त्याला कारण झालं छायाचं एक वाक्य. छाया बुलढाण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. रोज सकाळी लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्यासाठी तिच्याकडे एक छोटी, जुनी पेट्रोल गाडी होती. होळीच्या सुमाराला एकदा संध्याकाळी आल्यावर पायातल्या चपला काढता काढता ती म्हणाली, "गाडी घाटात लय दमते आता." एवढंच. माणसं असं काही बोलतात आणि विसरून जातात. पण अविनाशच्या ते काळजाला लागलं. बायकोने कधी काही मागितलं नव्हतं आणि हे तर त्याच्या हातातलं काम होतं. त्याने एका भंगारवाल्याकडून मोडलेल्या डिझेल गाडीचा टर्बो शोधून आणला, आणि इंजिनाला टर्बो लावून देतो, मग बघ गाडी घाट कशी चढते, असं तिला सांगून टाकलं. हे मात्र त्याने कुणाला न विचारता ठरवलं, आणि तिथेच घोळ झाला.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी भिंगरी. ती हवा दाबून दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर जोर जास्त. पण जोर वाढला की तो सोसणारं कुणीतरी लागतं. ज्या नळकांड्यांत पिस्टन खालीवर पळतात ते सिलिंडर या गाडीत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतलेले, आणि त्यांच्या भिंती पातळ. टर्बोच्या दाबाने भिंत तडकली तर पाणी आत, ऑइल बाहेर, इंजिन भंगारात. म्हणून जुनी भिंत आतून खरवडून काढायची आणि तिथे जाड लोखंडाचा लायनर ठोकून बसवायचा, असा एक उपाय असतो. पण तेही सरळ नाही. एकदा ब्लॉक खरवडला की खरवडला. लायनर केसाएवढा सैल बसला तर तापल्यावर सरकतो, आणि मग पुन्हा तेच, पाणी आत आणि ऑइल बाहेर. न टाकावा तर भीती, टाकावा तर भीती. अविनाशसारख्या माणसाला देवाने मुद्दाम काढून दिल्यासारखा हा प्रश्न होता.

त्याने पहिल्यांदा वडिलांना विचारलं. शेषराव म्हणजे सगळा जन्म ट्रॅक्टर आणि पंपाच्या इंजिनाबरोबर गेलेला माणूस. आपल्याकडे इंजिन म्हटलं की हीच दोन, आणि त्यांत लायनर काढणं-घालणं म्हणजे उशीचा अभ्रा बदलण्याइतकं सोपं.

"टाक ना मंग. त्यात विचारते काय?" शेषराव म्हणाले. "आपल्या ट्रॅक्टरले किती खेपा टाकला."

"बाबा, तो ट्रॅक्टर हाये. हे तसं नसते. याच्यात भिंत फोडा लागते."

"मंग नको टाकू."

झालं. एका मिनिटात बापाने दोन्ही सल्ले दिले आणि बिडी पेटवून गोठ्याकडे निघून गेले.

मग धाकटा भाऊ हरिओम. त्याचा सगळा भरवसा मोबाइलवर. त्याने एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो हातवारे करून सांगत होता की लायनरशिवाय टर्बोचा विचारही करू नका. अविनाशने मान हलवली. हरिओमने लगेच दुसरा दाखवला; त्यात दुसरा गोरा माणूस सांगत होता की दाब कमी ठेवला तर लायनर म्हणजे निव्वळ मूर्खपणा. अविनाशने तेवढीच मान हलवली. पुढे गावभर झालं. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत, सोसायटीच्या ओट्यावर दोन पक्ष पडले, टाकणाऱ्यांचा आणि न टाकणाऱ्यांचा. ज्यांनी जन्मात पेट्रोल गाडीचं झाकण उघडून पाहिलं नव्हतं, ते हिरिरीने बोलत. अविनाश ज्याच्याशी बोलून येई त्याच्या पक्षाचा होई, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा कोराच्या कोरा.

इकडे छाया एसटीने जात होती. सकाळी फाट्यावर उभी राहायची, कधी बस यायची, कधी भरलेली म्हणून न थांबता जायची, मग काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घ्यायचं. तिने भांडण केलं नाही. पहिले काही दिवस विचारायची, "झालं काय?" मग नुसतं कांदाचाळीकडे बघायची. मग तेही सोडलं. पण ती गप्प होत चालली होती. एरवी लॅबमधल्या गमती सांगणारी, सुई बघून घाबरलेल्या पहिलवानाची नक्कल करणारी बाई, आता जेवून उठली की भिंतीकडे तोंड करून पडायची. बसच्या दगदगीने थकते बिचारी, असं अविनाशने मनाशी धरलं, आणि इंजिन लवकर करायला हवं असं ठरवलं, आणि पुन्हा तिथेच येऊन अडला.

त्यातच अक्षय्य तृतीया आली. शेषराव दर सालाप्रमाणे भेंडवळला निघाले. तिथली घटमांडणी आपल्याकडे कुणाला सांगायला नको. संध्याकाळी शेतात धान्याचा गोल मांडायचा, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही, आणि सकाळी काय हललं, काय भिजलं, कुठला दाणा कुठे गेला त्यावरून पाऊसपाणी नि पिकांचा अंदाज सांगायचा. शेषराव मुक्कामाला जायचे आणि सकाळी ऐकून यायचे. अविनाश याला हसायचा. गॅरेजात राहिलेला माणूस, पाना-पकडीवर विश्वास ठेवणारा. त्या दिवशीही बापाला फाट्यावर सोडताना तो हसलाच होता. पण परत येऊन कांदाचाळीत बाजेजवळ उभा राहिला तेव्हा त्याचं लक्ष ब्लॉककडे गेलं. चार सिलिंडर. चार महिने. डोक्यात एकदा आलं ते जाईना.

त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. सिलिंडरांत खालून चिंध्यांचे बोळे बसवले, म्हणजे दाणे गळायचे नाहीत, आणि प्रत्येकात मूठ मूठ गहू टाकला. मधे एका वाटीत पाणी ठेवलं. पान-सुपारीही ठेवणार होता, पण ते जरा जास्तच होईल असं वाटून राहू दिलं. हात जोडावेत की नाही हे मात्र त्याला ठरवता येईना. शेवटी एकच हात छातीला लावला आणि दार ओढून घेतलं.

सकाळी पाहतो तर काय! पहिल्या सिलिंडरात गहू जसाच्या तसा. दुसऱ्यात थोडा विस्कटलेला. तिसरा रिकामा, चिंधीसुद्धा अर्धी कुरतडलेली. चौथ्यात गव्हाबरोबर कुठून तरी आलेली एक सरकी. वाटी आडवी, पाणी सांडलेलं. आता याचा अर्थ लावायचा कसा? तेवढ्यात हरिओम दात घासत आला आणि त्याने पाहिलं. अविनाशने आधी आढेवेढे घेतले, मग सगळं सांगितलं.

"दादा, सरळ हाये," हरिओम तोंडातला फेस थुंकून म्हणाला. "तिसरा रिकामा झाला म्हंजे तिसरा सिलिंडर फुटनार. लायनर टाक."

दुपारी शेषराव भेंडवळहून आले. त्यांना हे कळल्यावर ते रागावले नाहीत, उलट बाजेजवळ उकिडवे बसून त्यांनी गंभीरपणे पाहणी केली. "दाना बाहीर गेला म्हंजे घरात आला," ते म्हणाले. "बरकतीचं लक्षन हाये. हात लावू नको, लायनर गियनर काई टाकू नको."

गीताबाई, अविनाशची आई, दाराशी सूप घेऊन उभी होती. "उंदीर होता थो," ती म्हणाली. "चाळीत उंदीर झाले म्हून महिनाभरापासून बोंबलून राह्यली मी."

हसायचं ते हसून झालं, पण काम वाढलं. उंदराने गहू नुसता खाल्ला नव्हता, इकडे तिकडे नेला होता. ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा असतात, ऑइलच्या बारीक वाटा असतात. त्यांतून ठिकठिकाणी दाणे जाऊन बसले, वरून वाटीचं पाणी. अविनाशने तार घालून पाहिली, हवा मारून पाहिली. तीन-चार दाणे निघाले, बाकीचे आत फुगत बसले. आता ब्लॉक मलकापूरला न्यायलाच हवा होता.

मलकापूरला हायवेच्या कडेला रवीचं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. रवी आणि अविनाश एकाच गॅरेजात शिकलेले, एकाच डब्यात जेवलेले. अविनाशने ब्लॉक, पिस्टन, सगळं पोत्यात घालून नेलं. रवीने ब्लॉक धुवायला घेतला, आणि एका भोकातून फुगलेले गहू टपटप खाली पडले.

"अविनाश," रवी हात थांबवून म्हणाला, "इंजिनात गहू कोनं पेरला बे?"

"उंदरानं."

"आन उंदराले गहू कोनं देल्ला?"

अविनाशने पोत्यातले पिस्टन मोजायला घेतले. रवीने जास्त ताणलं नाही. जुना मित्र, याची तऱ्हा त्याला ठाऊक होती.

"बरं, लायनरचं सांग," अविनाश म्हणाला. "टाकू की नको? तू म्हनशीन तसं."

"मी म्हनीन तसं काऊन? गाडी माही हाये काय?" रवीने चिंधीला हात पुसले. "मले येवढं सांग, गाडी चालवते कोन?"

"छाया."

"कशी चालवते?"

"कशी म्हंजे? सावकाश. मीच शिकवलं तिले, आमच्या वावराच्या रस्त्यानं. गोगलगाय म्हनायचो मी."

रवीने पोत्यातून एक पिस्टन काढला, डिझेलमध्ये बुचकळला, पुसला आणि उन्हात धरला. मग दुसरा. मग चारही ओळीने फळीवर मांडले. पिस्टनच्या माथ्यावर कडेला बारीक बारीक खड्डे पडले होते.

"हे पाय," तो म्हणाला. "गाडी चढावर आन ॲक्सिलेटरवर पाय तळाले, तवा असं होते. एक दिवसाचं काम नाई हे, रोजचं हाये. सावकाश चालवनाऱ्याचा पिस्टन असा नसते."

"म्हातारी गाडी हाये, असं होतच असन."

"नाई होत." रवी स्टुलावर बसला. "आता ऐक. गाडी सावकाश चालवनार असन, त टर्बोचा दाब कमी ठेवू, लायनरची काई गरज नाई, ब्लॉक आरामात सोसते. उगाच खरवडू नको. पन चालवनारं मानूस जर हे असं चालवनारं असन, त लायनर टाकल्याबिगर मी याले हात लावत नाई. भिंत फुटन आन घाटातच फुटन. मले इंजिन दिसते, मानूस नाई दिसत. थे तू सांग."

अविनाश ब्लॉक तिथेच ठेवून परत निघाला. इतके दिवस त्याला वाटत होतं, प्रश्न लोखंडाचा आहे. आता हे नवंच निघालं. गाडी कुणीतरी छायाच्या नकळत चालवतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पण कोण?

पहिला संशय अर्थातच हरिओमवर. त्याला गोठ्यामागे गाठलं.

"माय शप्पथ, दादा!" हरिओम गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला. "मी कायले घेऊ? वहिनी चाबी सोडते काय? रात्रंदिवस तिच्या पर्समधी असते. मी एक डाव मांगितली त म्हने, मोटरसायकल हाये ना तुह्याकडं."

मग शेषराव. शेषरावांना स्टिअरिंग गोल असलं की ट्रॅक्टर वाटतो. त्यांनी नुसतं हात झटकले. लॅबमधलं कुणी घेत असेल का? की सर्व्हिसिंगला देतो तो पोरगा? अविनाशने इतक्या जणांवर संशय घेतला की संध्याकाळपर्यंत अख्खा तालुका त्याच्या नजरेत चोर झाला. अंगणात गाडीचा सांगाडा विटांवर उभा होता. तो तिच्याभोवती फिरला. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. हे त्याने आधीही पाहिलं होतं, आणि अलाइनमेंट बिघडली असं म्हणून सोडून दिलं होतं.

गीताबाई तुळशीला पाणी घालत होती. "तिलेच विचार ना बाबू," ती म्हणाली.

"तिले काय विचारू? तिले बिचारीले काय माहीत असन?"

आई तांब्या पालथा घालून आत गेली. अविनाशला तिच्या गप्प राहण्याचा राग आला आणि का आला हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला भाजी उतरवून तो परत येत होता. पिकअपमध्ये रिकामे क्रेट खडखडत होते. फाट्यावर छाया उभी दिसली. बस भरून गेली होती, दुसरीचा पत्ता नव्हता, आणि तिची वेळ टळत चालली होती. त्याने गाडी थांबवली.

"चल, सोडून देतो."

ती शेजारी बसली. पर्स मांडीवर, नजर समोर. नेहमीसारखी. थोडं पुढे गेल्यावर त्याला राहवलं नाही.

"छाया, एक विचारू? तुही गाडी तुह्याशिवाय कोनी चालवते काय?"

"नाई."

"लॅबमधी कोनी?"

"नाई म्हनलं ना. काऊन?"

"रवी म्हनते गाडी कोनीतरी लय तानून चालवली. म्या म्हनलं, छाया त सावकाश चालवते."

छायाने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं, आणि गेलंही.

"गाडी बाजूले घ्या," ती म्हणाली. "उतरा. इकडं बसा."

घाटाच्या पायथ्याशी त्यांनी जागा बदलली. छायाने सीट पुढे ओढली, पदर खोचला, आरसा नीट केला. आणि निघाली.

अविनाशला पहिली दोन वळणं काय झालं तेच कळलं नाही. हा भाजीचा पिकअप, जो त्याच्या हाताखाली म्हाताऱ्या म्हशीसारखा घाट चढायचा, तो आता गुरगुरत उठला होता. वळणाच्या आधी ती गिअर टाकायची, हॉर्न द्यायची, बाहेरून आत कापायची आणि चाकं सरळ व्हायच्या आत पाय तळाला. मागचे क्रेट एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आदळत होते. समोर विटांचा ट्रॅक्टर आला. अविनाश म्हणाला, "थांब, थांब, जाऊ दे त्याले." ती थांबली, पण तो म्हणाला म्हणून नाही, पुढचं वळण आंधळं होतं म्हणून. वळण मोकळं झालं, रस्ता दिसला, आणि एका दमात तिने ट्रॅक्टर मागे टाकला. अविनाशने दाराची कडी धरून ठेवली होती. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या आत दुसरंही काहीतरी वाटत होतं. ती चुकत नव्हती. एकदाही नाही. प्रत्येक वळण तिला माणसासारखं ओळखीचं होतं. तिच्या कपाळावर केस आले होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे असे उजळलेले की ही बाई आपल्या घरात राहते, आपल्याला पोळ्या वाढते, यावर त्याचा विश्वास बसेना.

घाट संपला. वर मोकळ्या जागेत तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. अविनाशने दाराची कडी सोडली.

"म्हंजे तूच," शेवटी तो म्हणाला.

"हाव. मीच."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं काय?" छायाचा आवाज चढला नाही, पण कापरा झाला. "रवीभाऊले विचारलं, बाबाले विचारलं, गिरनीवर जाऊन विचारलं. गव्हाले बी विचारलं. मले नाई विचारलं."

तिचं चुकीचं नव्हतं, आणि तेच अविनाशला सहन होत नव्हतं.

"सकाळी घरून निघते तवा अर्ध डोस्कं घरी असते," ती म्हणाली. "बाबाची गोळी, डबा, हे राह्यलं, थे राह्यलं. लॅबमधी गेली की दिवसभर लोकाईचं रगत. संध्याकाळी पुन्हा घर. मधात येवढा घाट माहा होता. कोनी हाक मारत नाई, कोनी मांगत नाई. तुमी म्हनलं टर्बो लावून देतो, त मले आनंदच झाला, म्हनलं अजून जोरात जाईन. मंग तुमी गाडी उतरवली आन थे इंजिन बाजंवर जे पडलं थे पडलंच. बसमधी मी डोळे मिटून बसते. वळन आलं का माहा पाय आपसूक खाली दबते, आन खाली नुसता पत्रा असते."

अविनाशला वाटत होतं, बायको बसच्या गर्दीने थकते. गाडी त्याने खोलली होती तिचा त्रास कमी करायला, आणि नेमकं जे तिचं होतं तेवढंच काढून घेऊन कांदाचाळीत टाकून ठेवलं होतं. सिलिंडरच्या भिंतीची जाडी त्याला पाठ होती. ही बाई घाट कशी चढते हे माहीत नव्हतं.

"मंग लायनर टाकू काय?" त्याने विचारलं. यावेळी विचारताना त्याचा आवाज वेगळाच निघाला.

"मले लायनरातलं काई समजत नाई," छाया म्हणाली. "थे तुमचं तुमी पाहा. पन मी सावकाश चालवनार नाई, येवढं सांगते. आधीच सांगते."

अविनाशने फोन काढला आणि रवीला लावला. पलीकडे लेथचा आवाज येत होता.

"रवी, लायनर टाक. चाराले बी."

"पक्कं? ब्लॉक खरवडल्यावर मंग नाई म्हनजो नको."

"टाक म्हनलं ना बे."

रवीने लेथ बंद केली असावी; आवाज थांबला. "पन तू त काल म्हनत होता, वहिनी सावकाश चालवते म्हून."

अविनाशने शेजारी पाहिलं. छाया आरशात बघत होती. मागच्या वळणावरून विटांचा तो ट्रॅक्टर आता कुठे वर येत होता.

"मले माहीत नव्हतं," तो म्हणाला.